लेकीचा पहिला वाढदिवस आणि त्याच दिवशी गौरी : प्रकल्प नोंदी

१५ जून २०२५, रविवार

नाशकात अंबडला एका कारखान्यात मी उत्पादनाचं नियोजन बघते. तिथे कुठलंही काम हातात घेतलं की पहिल्या दिवसापासून तारखेनिशी नोंद ठेवायची, हा माझा शिरस्ता आहे. घरचं हे काम मला त्याहून मोठं वाटतंय, म्हणून त्याचीही वही आजपासून.

काम : लेकीचा पहिला वाढदिवस. जन्म १ सप्टेंबर २०२४. माणसं चाळीसच्या आसपास. जागा इंदिरानगरातलं आमचं घर, नाहीतर सोसायटीचा हॉल.

सकाळी चहा पिता पिता नवऱ्याने भिंतीवरच्या कालनिर्णयची पानं उलटली आणि सप्टेंबरवर येऊन थांबला. १ सप्टेंबर, सोमवार, ज्येष्ठा गौरी पूजन. आदल्या दिवशी आवाहन, दुसऱ्या दिवशी विसर्जन. गौरी अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात. आपल्या सोयीने त्यांचा दिवस मागेपुढे होत नाही.

त्यातून हे वर्ष सासूबाईंसाठी वेगळं आहे. मागच्या वर्षी लेक १ सप्टेंबरला झाली, ७ ला गणपती आले आणि १० ला गौरींचं आवाहन. दहा दिवसांच्या सोयरात आमच्याकडे काहीच बसलं नाही. नातीच्या येण्याने घर आनंदात होतं, पण मुखवट्यांची पेटी माळ्यावरच राहिली. सासूबाई तेव्हा एकदाच बोलल्या होत्या, "पुढच्या वर्षी दुप्पट हौसेने करू." ते पुढचं वर्ष हेच.

आणि खरी गाठ तिसरीच आहे. माझ्या माहेरी, छत्रपती संभाजीनगरला, याच गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. आईकडे त्या तितक्याच निगुतीने बसतात. म्हणजे १ सप्टेंबरला लेकीच्या दोन्ही आज्या आपापल्या घरच्या माहेरवाशिणींना जेवू घालत असणार. त्या दिवशी दोघी एका छताखाली येणं शक्यच नाही. दोघींशिवाय पहिला वाढदिवस करायचा नाही, एवढं मी आजच ठरवलं.

१७ जून, मंगळवार

ताईंचा फोन. नणंदबाईंचं म्हणणं, "अगं, हळदीकुंकवाला संध्याकाळी सगळ्या येतातच. सात वाजता केक कापला की झालं. एकाच धावपळीत दोन्ही उरकतं."

सूचना प्रेमाने केलेली होती आणि ऐकायला सोपी वाटते. म्हणून मी २०२३ चा गौरीचा दिवस आठवून घड्याळाप्रमाणे मांडून पाहिला. पहाटे चारला सासूबाई आणि मोठ्या जाऊबाई उठल्या. पुरण शिजवणं, वाटणं, सोळा भाज्या निवडून चिरणं, कटाची आमटी, भजी, खीर. दुपारी बाराच्या आत नैवेद्य. मग पंचवीस पानं. भांडी होईतो चार. पाचपासून हळदीकुंकू, ते रात्री साडेनऊपर्यंत. मधल्या वेळात सासूबाई बसलेल्या मला आठवतात त्या फक्त आरतीनंतर, ओट्याला टेकून, दहा मिनिटं.

त्यात केक, मुलं, फोटो आणि चाळीस जणांचं खाणं घुसवायचं म्हणजे ते सगळं याच दोघींच्या अंगावर पडणार. "दोन्ही उरकतं" असं म्हणताना उरकणारे हात कोणाचे, हे आपण मोजत नाही. कारखान्यात एका मशीनवर एका पाळीत दोन ऑर्डरी कोणी लावल्या तर मी सही करत नाही. घरी तरी का करू?

ताईंना हे सविस्तर सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "बरोबर आहे गं. आईचं वय आता सत्तरीकडे चाललंय." त्या नाराज झाल्या नाहीत, हे मुद्दाम लिहून ठेवते.

१९ जून, गुरुवार

नंतरच्या तारखा तपासल्या. ६ सप्टेंबर, शनिवार : अनंत चतुर्दशी. मेन रोड, रविवार कारंजा, अशोक स्तंभ हा सगळा भाग मिरवणुकीचा, वाहतूक वळवलेली. पंचवटीतली आमची माणसं गाडी काढणारच नाहीत. ७ ला रविवार, पण पौर्णिमा आणि रात्री खग्रास चंद्रग्रहण. ते इथून दिसणार आहे, त्यामुळे अण्णा, म्हणजे सासरे, दुपारपासून वेध पाळणार. ८ पासून पितृपक्ष, थेट २१ च्या सर्वपित्रीपर्यंत. २२ ला घटस्थापना, सासूबाईंचे नवरात्राचे उपास. दसरा २ ऑक्टोबरला.

थोडक्यात, १ सप्टेंबरनंतरचा पहिला मोकळा रविवार ५ ऑक्टोबर. तोवर लेक तेरा महिन्यांची झाली असेल.

अलीकडच्या बाजूला २४ ऑगस्टचा रविवार रिकामा आहे. हरतालिका २६ ला, गणपती २७ ला. पण सासूबाईंचा ठाम विरोध : "वर्ष भरायच्या आधी वाढदिवस करत नाहीत." त्यांच्या मनाविरुद्ध जायचं नाही. काम अडलं.

२१ जून, शनिवार

काम सुटलं, आणि सोडवलं अण्णांनी.

रात्री जेवणं झाल्यावर सासरे मागच्या वर्षीचं पंचांग घेऊन बसले. त्यांनी जपून ठेवलेली अशी बरीच आहेत, कपाटाच्या खालच्या खणात, वर्षांच्या क्रमाने. १ सप्टेंबर २०२४ वर बोट ठेवून म्हणाले, "श्रावण वद्य चतुर्दशी." मग यंदाचं उघडलं. यंदा श्रावण वद्य चतुर्दशी सूर्योदयाला आहे ती शुक्रवारी, २२ ऑगस्टला. त्याच दिवशी दुपारी बाराच्या सुमारास अमावास्या लागते, म्हणजे संध्याकाळी पिठोरी. आणि पोळाही.

चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून तिथी दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. अधिक महिना आला की परत पुढे ढकलली जाते. अण्णा सांगत होते, एकोणीस वर्षांनी तारीख आणि तिथी पुन्हा जवळजवळ एकत्र येतात. लेक एकोणीस वर्षांची होईल तेव्हा दोन्ही वाढदिवस लागोपाठ करायचे, असंही त्यांनी नातीला मांडीवर घेऊन सांगितलं.

सासूबाई पंचांगाकडे बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "तिथीने वर्ष भरतंय, मग चालेल की. माझा वाढदिवस माझ्या आईने कायम तिथीनेच केला."

निर्णय : शुक्रवार २२ ऑगस्टला घरच्या घरी औक्षण आणि पिठोरीचं वाण. रविवार २४ ला सगळ्यांना बोलावणं. १ सप्टेंबरचा दिवस पूर्णपणे गौरींचा.

२२ जून, रविवार

रेल्वेचं आरक्षण गेल्या नोव्हेंबरपासून साठच दिवस आधी उघडतं. म्हणजे २१ ऑगस्टसाठी आज. सकाळी आठच्या ठोक्याला बसून आई-बाबांची तपोवन एक्सप्रेसची तिकिटं काढली, संभाजीनगर ते नाशिकरोड. परतीची २५ ची, ती खिडकी उघडेल तेव्हा.

आईला फोन केला. पहिलं वाक्य, "अगं, महालक्ष्म्यांच्या तोंडावर मी चार दिवस घराबाहेर?" पाच मिनिटांनी तिचाच परत फोन, "लाडू-करंज्या आधी करून डब्यात भरून ठेवते. मखराचं तुझे बाबा परत आल्यावर बघतील. २५ ला घरी पोचले की मला पुरे." तिच्या आवाजातली घाई ऐकून मला भरून आलं.

१३ जुलै, रविवार

हॉलचा घोळ. जूनमध्येच तोंडी सांगून ठेवलं होतं, पण आज कळलं की २३ पासून हॉल गणपतीच्या सजावटीसाठी दिलाय. कोणी लिहून घेतलं नव्हतं. चूक माझीही आहे, तोंडी सांगण्यावर मी विसंबायला नको होतं.

गच्चीचा विचार केला आणि सोडला. ऑगस्टअखेरचा नाशिकचा पाऊस, त्यात ताडपत्रीखाली चाळीस माणसं आणि सात-आठ लहान मुलं, हे जमणार नाही.

संध्याकाळी मंडळाच्या मुलांना भेटले. सगळी कॉलेजातली. मी काय हवंय ते सरळ सांगितलं : रविवारी सकाळी नऊ ते दुपारी दोन. त्यांनी आपापसांत बोलून सांगितलं, "वहिनी, थर्माकोल वापरत नाहीच आहोत, सगळं कापडाचं आहे. बांबू आणि कापडं एका भिंतीला लावून ठेवतो. तुम्ही फक्त लहान मुलांना त्या बाजूला जाऊ देऊ नका." मी त्या सगळ्यांना नाश्त्याचं आमंत्रण दिलं. माणसं पन्नास झाली. चिठ्ठीवर लिहून दोघांच्या सह्या.

२ ऑगस्ट, शनिवार

बेत पक्का : मिसळ. नाशकात रविवारी सकाळी पाहुण्यांना दुसरं काही खाऊ घातलं तर चुकल्यासारखं वाटतं. शिवाय श्रावण २३ लाच संपतोय. पण सासूबाईंचा चातुर्मास आहे, त्या कांदा-लसूण खात नाहीत, आणि त्यांच्यासारख्या आणखी सहा जणी. त्यांचा रस्सा वेगळ्या पातेल्यात, सुकं खोबरं, तीळ आणि काळ्या मसाल्यावर. तो आधी करायचा आणि झाकून बाजूला ठेवायचा, म्हणजे पळी इकडची तिकडे होणार नाही.

मटकी तीन किलो, पाव दीडशे, फरसाण साडेतीन किलो, दही चार किलो, पापड, जिलेबी बाहेरून. लेकीसाठी मऊ भात आणि शिरा.

वेळ अकराची. लेक साडेबाराला झोपते. ज्याचा वाढदिवस त्यालाच झोपेतून उठवून गर्दीत उभं करायचं, हे मला कुठल्याच घरी बघवत नाही. केक सव्वाअकराला, बिनअंड्याचा. साडेबाराला ती आत झोपेल, बाकीच्यांनी निवांत बसावं.

फुगे नाहीत. फुटलेल्या फुग्याचा तुकडा रांगणाऱ्या मुलाच्या घशात अडकू शकतो, आणि आमच्याकडे त्या वयाची तीन मुलं असणार. झेंडूच्या माळा आणि कागदी पताका लावायच्या.

मध नाही. बारा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला मध देऊ नये, त्यातून एका घातक जंतूची बाधा होऊ शकते, हे डॉक्टरांनी पहिल्याच महिन्यात बजावलंय. औक्षणाच्या वेळी कोणी ना कोणी बोट चाटवायला येतंच. तिथीने वर्ष भरत असलं तरी मधासाठी तारीखच धरायची. सासूबाईंना आधी सांगून ठेवलं. त्या म्हणाल्या, "वाटीच बाहेर काढायची नाही."

१० ऑगस्ट, रविवार

आमंत्रणं गेली. ज्येष्ठांना फोन करून, बाकीच्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर. १ सप्टेंबर नाही, २४ ऑगस्ट, हे दोनदा लिहिलं. तरी तिघांनी विचारलं, "गौरीच्या दिवशी ना?" परत सांगितलं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आई-बाबा आले. नाशिकरोडहून घरी येईपर्यंत पाऊस. आईच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं परकर-पोलकं, हिरव्या खणाचं, लालचुटुक काठाचं. टाके तिच्या हातचे. परकराला आत चार बोटं दुमड ठेवलीय, "पुढच्या वर्षी उसवून लांब कर" म्हणाली. कापड थोडं उरलंय, ते तिने परत नेण्यासाठी पिशवीतच ठेवलं. कशासाठी ते सांगितलं नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार : तिथीचा वाढदिवस

सकाळी लेकीला आंघोळ घालून दोन्ही आज्यांनी ओवाळलं. आधी कोणी ओवाळायचं यावर दोघी एकमेकींना "तुम्ही आधी, तुम्ही आधी" करत राहिल्या, शेवटी एका तबकाला दोघींनी हात लावला. दुपारी पुरणपोळी, मातीच्या बैलजोडीची पूजा.

पिठोरीचं व्रत सासूबाईंनी आपल्या मुलांसाठी वर्षानुवर्षं केलं. आज त्यांनी ते माझ्या हाती दिलं. मला हे काम प्रकल्पात धरायचं सुचलंच नव्हतं.

दिवेलागणीला पूजा झाली. खीर-पुरीचं ताट मी दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं आणि देवाकडे तोंड करून बसले. मागे आई लेकीला कडेवर घेऊन उभी. सासूबाई शेजारी, कसं म्हणायचं ते हळू सांगत होत्या : मी तीनदा "अतीत कोण?", म्हणजे पाहुणा कोण, असं विचारायचं आणि मागून लेकीने "मी" म्हणायचं.

"अतीत कोण?"

मागे शांतता. पुरीचा तुपकट वास माझ्या केसांत उतरत होता. ताट किंचित कलंडलं आणि खिरीचा एक थेंब कपाळावरून भुवईपर्यंत आला. तो पुसायला हात मोकळा नव्हता.

"अतीत कोण?"

या वेळी दोन्ही आज्यांनी एकदमच लेकीचं नाव घेतलं. त्यांचं काही ठरलेलं नव्हतं. दोघी थांबल्या, एकमेकींकडे बघून हसल्या, आणि सासूबाईंनी आईला खूण केली की तुम्ही म्हणा.

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा उत्तराच्या आधीच ताट हललं. लेकीने वाकून पुरी ओढली होती. मी वळून बघितलं तर पुरीची कड तोंडात, दोन वरचे आणि दोन खालचे एवढ्या दातांनी तिचा किल्ला लढवणं चाललेलं, आणि पोलक्याच्या बाहीला खीर. आई तिला "मी म्हण, मी" असं शिकवत होती. ती "म्म" म्हणाली. तेवढं आम्हा सगळ्यांना पुरलं.

२३ ऑगस्ट, शनिवार

अडचण : मटकी.

काल सकाळी तीन किलो मटकी भिजत घातली, रात्री उपसून एकाच मोठ्या पंचात बांधली. आज दुपारी गाठोड्यावर हात ठेवला तर कापड गरम. सोडलं तेव्हा कडेच्या मटकीला छान अर्ध्या बोटाचे मोड, आणि मध्यभागी चिकट तार सुटलेली, आंबूस वास. मोड येताना कडधान्य आतून तापतं. थोडं असेल तर ती ऊब निघून जाते. तीन किलोच्या गोळ्यात, या दमट हवेत, ती आतच कोंडली. हे मला कळायला हवं होतं. तीन-चार पुरचुंड्या करून, मध्ये जागा सोडून टांगल्या असत्या तर वाचली असती.

सासूबाईंनी मूठ-मूठ घेऊन वास घेतला. चांगली बाजूला, शंका आली ती सरळ टाकली. "लहान मुलं खाणार आहेत, जीव अडकवायचा नाही." निम्म्याच्या आसपास गेली. चांगली निघाली ती तीन पाण्यांनी धुऊन चाळणीत पसरली. नवरा पावसात जाऊन जवळच्या दोन डेअऱ्यांमधून मोड आलेली मटकी घेऊन आला. रात्री दहाला काम परत रुळावर.

२४ ऑगस्ट, रविवार

हॉल नऊला मिळाला. मुलांनी बांबू भिंतीला लावून त्यावर चादरही बांधली होती, टोकं लागू नयेत म्हणून.

त्रेपन्न माणसं आली. केक सव्वाअकराऐवजी साडेअकराला, कारण पंचवटीची माणसं पावसात अडकली, आणि मावशीआजींशिवाय सुरी हातात घ्यायची नव्हती. लेक खणाच्या परकरात, दोन्ही आजोबांच्या मधे. केकपेक्षा तिला झेंडूची माळ आवडली. साडेबाराला झोपली, दोनपर्यंत उठली नाही.

पाव कमी पडले. आणखी तीस आणावे लागले. बिनकांद्याचा रस्सा सगळ्यात आधी संपला, तो कांदा खाणाऱ्यांनीही घेतला. पुढच्या वेळी तो दुप्पट करायचा.

मला सगळ्यात समाधान कशाचं वाटलं ते लिहिते. पाऊण वाजता सासूबाई आणि माझी आई हॉलच्या खिडकीपाशी खुर्च्या टाकून बसल्या होत्या. हातात मिसळीच्या ताटल्या, बोलणं मुखवट्यांना रंग कोण चांगला देतो यावर. आईने महालक्ष्म्यांच्या आंबिलीचं प्रमाण सांगितलं, सासूबाईंनी सोळा भाज्या एकत्र न करता वेगळ्या का ठेवतात ते. तासभर दोघींना कोणी उठवलं नाही. वाढायला ताई, जाऊबाई आणि मंडळाची मुलं होती.

२५ ऑगस्ट, सोमवार

आई-बाबांना सकाळच्या तपोवनने बसवून दिलं. हॉल झाडून, पुसून किल्ली परत.

१ सप्टेंबर, सोमवार

पहाटे चारला स्वयंपाकघरात दिवा लागला. पुरण मी वाटलं, सासूबाईंनी बसून भाज्या चिरल्या. यंदा ओट्याशी आम्ही तिघी होतो.

सहाला लेक उठली. गौरींपुढे तिला बसवून निरांजनाने ओवाळलं, इतकंच. केक नाही, पाहुणे नाहीत. सासूबाई गौरींकडे बघून म्हणाल्या, "मागच्या वर्षी हिच्यासाठी थांबलात. ही बघा, आलीय." पुढचं त्यांना बोलता आलं नाही.

अकराला आईने फोटो पाठवला. तिच्याकडच्या महालक्ष्म्या, त्यांच्या पुढ्यात पिलवंडं, म्हणजे त्यांची मुलं. त्यातल्या मुलीच्या अंगावर हिरव्या खणाचा, लाल काठाचा परकर. कापड कुठे गेलं ते आज कळलं.

३ सप्टेंबर, बुधवार

विसर्जन काल झालं. मुखवटे पुसून पेटीत, पेटी माळ्यावर. सासूबाई दुपारी दोन तास झोपल्या.

खर्च ठरवल्यापेक्षा थोडा जास्त, मटकी आणि पावांमुळे.

पुढच्या वर्षासाठी : २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला आणि गौरी त्यानंतर. १ सप्टेंबर मंगळवार, श्रावणातला, मोकळा. आईची तिकिटं जुलैच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत काढायची. परकराची दुमड उसवायची. मटकी चार पुरचुंड्यांत.